उपग्रहाचा तापमानाचा आकडा किती धरायचा? कोल्हापुरातून पडताळून पाहायची रीत

एप्रिल लागला की लालभडक रंगाचे उष्णतेचे नकाशे मोबाइलवर फिरायला लागतात. शिरोली, उजळाईवाडीच्या बाजूला ४८-४९ अंश दाखवलेले असतात आणि वेधशाळेची त्या दिवशीची कमाल नोंद असते ३८-३९. मग वाद रंगतो. कुणी म्हणते सरकारी आकडे दाबलेले, कुणी म्हणते उपग्रहाचे काही खरे नसते. माझ्या मते दोघेही घाई करतात. तवा किती तापलाय आणि तव्याच्या हातभर वरची हवा किती तापलीय, हे दोन प्रश्न आहेत. उपग्रह पहिल्याचे उत्तर देतो, वेधशाळा दुसऱ्याचे. एप्रिल २०२२ च्या उष्णतेच्या लाटेत हाच गोंधळ देशपातळीवर झाला. युरोपच्या सेंटिनेल-३ उपग्रहाने अहमदाबादच्या परिसरात जमिनीचे तापमान ६० अंशांवर गेल्याचे दाखवले आणि तो आकडा बऱ्याच जणांनी हवेचाच समजून पुढे ढकलला.

तरीही "जमिनीचे आहे" एवढे म्हणून भागत नाही. जमिनीचा म्हणूनही तो आकडा किती बरोबर, हे पाहावे लागते आणि ते घरबसल्या, थोडेफार घराबाहेर पडून, कुणालाही करता येते. डेटा फुकट आहे. लागते ती एक स्प्रेडशीट, एक बरा तापमापक आणि थोडी चिकाटी.

आधी ठरवा, कशाचे तापमान हवे आहे

उपग्रहात तापमापक नसतो. तो खालून येणारे प्रारण मोजतो. जमिनीसाठी आणि ढगांसाठी बहुधा १० ते १२ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त प्रारण वापरतात, कारण त्या पट्ट्यात हवा बरीचशी पारदर्शक असते. त्या प्रारणावरून तापमान काढताना तीन गोष्टी गृहीत धराव्या लागतात: मधल्या हवेतल्या बाष्पाने किती प्रारण गिळले, खालचा पृष्ठभाग किती चांगला उत्सर्जक आहे आणि मध्ये ढग नव्हता. चूक होते ती या तिघांपैकी कुठेतरी. उपकरण स्वतः सहसा चोख असते.

निरभ्र आकाशात हाती येते ते पृष्ठभागाचे, म्हणजे माती, पान, डांबर किंवा छताच्या अगदी वरच्या पापुद्र्याचे तापमान. ढग असेल तर ढगमाथ्याचे. सूक्ष्मलहरी वापरणारी उपकरणे हवेच्या जाड थराचे सरासरी तापमान देतात. वेधशाळेतला तापमापक मात्र सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत असतो. यातले एकही दुसऱ्याच्या जागी वापरता येत नाही. उसाच्या फडावरचा ताण बघायचा असेल तर पृष्ठभागाचे तापमान उत्तम. "आज कोल्हापुरात किती होते" याचे उत्तर हवे असेल तर वेधशाळेचाच आकडा घ्या, उपग्रहाच्या नादी लागू नका.

उपग्रह निवडताना

इथे सगळे मिळून एकाच उपग्रहात मिळत नाही. वारंवार बघायचे तर बारकावा जातो, बारकावा हवा तर वाट बघावी लागते.

आपले इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) सुमारे ३६,००० किलोमीटरवरून सतत भारताकडे बघत असतात. एक उपग्रह साधारण अर्ध्या तासाला एक चित्र देतो, पण औष्णिक पट्ट्यातला एक चौकोन ४ किलोमीटरचा. एवढ्यात रंकाळा, मंगळवार पेठ आणि पंचगंगेकाठचा ऊस एकत्र येतो. ढगांसाठी हे उपग्रह बिनतोड आहेत, गल्लीच्या तापमानासाठी निरुपयोगी. डेटा इस्रोच्या मॉसडॅक संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतो.

मधला पर्याय म्हणजे नासाच्या टेरा (१९९९) आणि अ‍ॅक्वा (२००२) या उपग्रहांवरचे मोडिस हे उपकरण, आणि आता त्याची जागा घेत असलेले, नव्या उपग्रहांवरचे विअर्स. चौकोन साधारण १ किलोमीटरचा, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा नोंद. वीस-पंचवीस वर्षांची सलग मालिका असल्यामुळे शिकायला सुरुवात मी मोडिसपासूनच करायला सांगेन.

अमेरिकेचे लँडसॅट ८ आणि ९ हे उपग्रह या तिघांत सर्वांत बारीक बघणारे. प्रत्येक उपग्रह १६ दिवसांनी येतो, दोघे मिळून ८ दिवसांनी. फाइल ३० मीटरच्या चौकोनांत मिळते, पण औष्णिक उपकरण प्रत्यक्षात १०० मीटरवर मोजते. नकाशावर आपल्या बंगल्याचा चौकोन शेजाऱ्यापेक्षा अर्धा अंश गार दिसला म्हणून हुरळून जाऊ नये, तो फरक गणिताने पसरवलेला असतो.

डेटा उतरवणे आणि अंशांत आणणे

मोडिससाठी नासाची अ‍ॅपीअर्स ही सेवा सोयीची आहे. खाते उघडा, बिंदूचे अक्षांश-रेखांश द्या (कोल्हापूर शहर सुमारे १६.७ उत्तर, ७४.२ पूर्व), तारखा द्या आणि रोजच्या तापमानाचे उत्पादन (म्हणजे हिशेब करून तयार ठेवलेला डेटा) निवडा. तापमानासोबत गुणवत्तेचा, निरीक्षणाच्या वेळेचा आणि बघण्याच्या कोनाचा असे तिन्ही रकाने मागून घ्या. बहुतेक लोक फक्त तापमान उतरवतात आणि मग पुढे काहीच पडताळता येत नाही. लँडसॅटची चित्रे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या अर्थ एक्स्प्लोररवर मिळतात. तिथे दुसऱ्या पातळीचे, पृष्ठभागाच्या तापमानाचे उत्पादन मागवा. पहिल्या पातळीचे घेतलेत तर बाष्पाची दुरुस्ती तुमच्याच गळ्यात पडेल.

कच्च्या फाइलमधला आकडा थेट तापमान नसतो. मोडिसमध्ये त्याला ०.०२ ने गुणायचे, केल्विन मिळते, त्यातून २७३.१५ वजा करायचे. फाइलमध्ये १५७५० असेल तर ३१५ केल्विन, म्हणजे ४१.८५ अंश सेल्सिअस. शून्य असेल तर तिथे नोंदच नाही. त्याला उणे २७३ अंश समजून सरासरीत घेणारे महाभागही असतात. लँडसॅटच्या दुसऱ्या संग्रहात आकड्याला ०.००३४१८०२ ने गुणून १४९ मिळवायचे. ४८५०० चे होतात ३१४.७७ केल्विन, म्हणजे ४१.६२ अंश. अ‍ॅपीअर्स पहिला गुणाकार स्वतःच करून देते. तो पुन्हा करू नका.

ढगाची चाळणी

जमिनीच्या आकड्यात सर्वांत जास्त घाण ढगामुळे येते. जाड ढग ओळखू येतो आणि वगळलाही जातो. त्रास देतो तो उंचावरचा विरळ, पिंजलेल्या कापसासारखा ढग. डोळ्याला आकाश निरभ्र वाटते, पण आकडा चार-पाच अंशांनी खाली येतो. ढगामुळे दिवसाचा आकडा घसरतो, चढत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी बरेच काम होते. एखादा दिवस मागच्या-पुढच्या दिवसांपेक्षा विनाकारण गार दिसला की आधी ढगाचा संशय घ्यायचा.

मोडिसच्या गुणवत्तेच्या रकान्यात शून्य असलेल्या नोंदी निर्धास्त घ्या. बाकीच्यांमध्ये अपेक्षित चूक १, २, ३ अंशांपर्यंत की त्याहून जास्त, हेही त्याच आकड्यात सांकेतिक रूपात दडलेले असते. ज्यांना ते उलगडायचे नाही त्यांनी शून्याखेरीज सगळे टाकून दिले तरी चालेल. लँडसॅटसोबत अनिश्चिततेचा स्वतंत्र पट्टा येतो. त्यातल्या आकड्याला ०.०१ ने गुणले की चूक केल्विनमध्ये मिळते. चौकोन ढगाच्या जितका जवळ तितकी ती वाढलेली दिसेल.

यातून एक कोल्हापुरी अडचण उभी राहते. जून ते सप्टेंबर गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा या पट्ट्यावर आभाळ हटत नाही. जुलैमध्ये महिन्याची चांगली नोंद एखाद-दुसरी मिळेल, कदाचित एकही नाही. मग "जुलैची सरासरी" म्हणून जो आकडा निघतो तो फक्त उघडीप पडलेल्या, ऊन आलेल्या क्षणांचा असतो. तो पावसाळ्याचा नाही. सरासरी लिहिताना ती किती दिवसांची, हे शेजारी लिहिलेच पाहिजे. पावसाळ्याचे चार महिने मी तर या कामातून सरळ वगळावेत असेच म्हणेन.

घड्याळातली तफावत

वेळेची चूक फार जण करतात. अ‍ॅक्वाचा मार्ग दुपारी दीडच्या सौरवेळेचा, म्हणजे त्या जागेच्या सूर्यावरून ठरणाऱ्या वेळेचा, आखलेला आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, कोल्हापूर ७४.२ वर, म्हणून आपली सौरवेळ घड्याळापेक्षा सुमारे ३३ मिनिटे मागे. अ‍ॅक्वाचा दीड म्हणजे आपल्याकडे दुपारचे दोन. लँडसॅट आपल्यावरून सकाळी पावणेअकरा-अकराच्या सुमारास जातो. त्या वेळी डांबर तापू लागलेले असते, पण हवेचे कमाल तापमान अजून तीन-चार तास दूर असते. लँडसॅटचा आकडा आणि त्या दिवसाची कमाल यांची तुलना केली तर काहीच हाती लागत नाही.

शिवाय टेरा आणि अ‍ॅक्वा यांनी गेल्या काही वर्षांत आपली ठरलेली वेळ पाळणे सोडले आहे. कक्षा सांभाळण्यापुरते इंधन उरले नाही, म्हणून टेरा हळूहळू लवकर आणि अ‍ॅक्वा उशिरा येऊ लागला. २०१० चा मे आणि अलीकडचा मे शेजारी ठेवून "एवढा फरक पडला" म्हणण्याआधी वेळेचा रकाना उघडा. तो सौरवेळेत असतो. बघण्याचा कोनही तपासा. मोडिस तिरका बघतो तेव्हा १ किलोमीटरचा चौकोन पसरून कित्येक पट मोठा होतो.

पत्र्याचा चकवा

आता खरी गंमत. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीचे मे महिन्यातले लँडसॅट चित्र उघडा. फौंड्रीच्या शेडवर लाल ठिपका दिसेल अशी अपेक्षा असते, आणि काही शेड आजूबाजूच्या मोकळ्या जमिनीपेक्षा गार दिसतात. आत भट्ट्या पेटलेल्या आणि वर छत गार!

कारण उत्सर्जनक्षमता, म्हणजे पृष्ठभाग स्वतःचे प्रारण किती चांगले बाहेर सोडतो त्याचे माप. पाणी आणि हिरवे पीक यांची ०.९८ च्या आसपास, मातीची थोडी कमी, कौले आणि सिमेंटचे पत्रे ०.९ च्या वर. नव्या चकचकीत जस्ती पत्र्याची मात्र जेमतेम ०.२ ते ०.३. तो स्वतःचे प्रारण फारसे बाहेर सोडत नाही आणि वरच्या थंड आकाशाचे प्रारण परावर्तित करतो. उपग्रहाचे गणित त्या जागेला साध्या जमिनीसारखी उत्सर्जनक्षमता देऊन मोकळे होते आणि उत्तर खूप खाली येते. या पट्ट्यात उत्सर्जनक्षमता ०.०१ ने चुकली तरी तापमान साधारण अर्ध्या अंशाने चुकते. इथे तर तफावत कितीतरी पट मोठी आहे.

हे हाताने करून बघता येते. अवरक्त तापमापकाची पिस्तूल घ्या, नवा जस्ती पत्रा उन्हात ठेवा. हात लावला तर चटका बसतो, पिस्तूल मात्र वीस-पंचवीस अंश किंवा त्याहूनही खालचा आकडा दाखवते. आता त्याच पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपच्या चार-पाच पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून चौकोन करा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि पिस्तूल वीतभर अंतरावर धरून त्या चौकोनावर रोखा. आकडा उडी मारून वर जातो, कारण टेपची उत्सर्जनक्षमता ०.९५ च्या घरात आहे आणि स्वस्त पिस्तुलात तोच आकडा कायमचा बसवलेला असतो. लांबून मारू नका. १२:१ गुणोत्तराचे पिस्तूल १.२ मीटरवरून १० सेंटिमीटर रुंदीचा भाग बघते, म्हणजे टेपबाहेरचा पत्राही मोजला जाईल.

रंग दिलेला पत्रा आणि गंजलेला जुना पत्रा इतका फसवत नाही. म्हणून एकाच वसाहतीत शेजारच्या दोन शेडमध्ये मोठा फरक दिसला तर तो कारखान्याच्या उष्णतेचा समजण्याआधी छतांचे रंगीत उपग्रहचित्र बघा. शहराच्या "उष्ण बेटा"चे नकाशे करणाऱ्यांनी असे चौकोन वेगळे काढावेत. ते आत ठेवले की औद्योगिक भाग विनाकारण थंडगार ठरतो.

रंकाळ्यावर पडताळणी

अचूकता बघायची तर संदर्भ म्हणून पाणी सर्वांत चांगले. त्याची उत्सर्जनक्षमता माहीत असते, ते एकसारखे असते आणि तापमान मिनिटामिनिटाला उड्या मारत नाही. लँडसॅटच्या चौकोनाला रंकाळा पुरतो, मोडिसच्या १ किलोमीटरच्या चौकोनाला पुरत नाही.

लँडसॅट येण्याची तारीख आधी काढून ठेवा. सकाळी साडेदहा ते सव्वाअकराच्या दरम्यान मोजायचे. काठावर किंवा घाटाच्या पायऱ्यांवर मोजू नका, तिथले उथळ पाणी लवकर तापते. काठापासून निदान दीडशे मीटर आत हवे, म्हणजे होडी लागेल. तापमापक पाण्याच्या वरच्या दहा सेंटिमीटरमध्ये धरा, त्याच्यावर ऊन थेट पडू देऊ नका, तीन-चार ठिकाणी मोजून सरासरी घ्या. थोडा वारा असेल तर उत्तम, कारण पाणी ढवळलेले राहते. अगदी संथ, कडक उन्हाच्या सकाळी वरचा पातळ थर वेगळाच तापतो आणि तुमचा तापमापक त्याच्या खालचे मोजतो. केंदाळ पसरलेले असेल तर तो दिवस सोडा, कारण मग तुम्ही पाणी मोजाल आणि उपग्रह पाने.

मग उपग्रहाचा आकडा वजा तुमचा आकडा, असा फरक लिहीत जा. पाण्यावर फरक एक-दोन अंशांच्या आत असेल तर उत्पादन चांगले चालले आहे. वरचा पापुद्रा एखाद्या अंशाच्या दोन-तीन दशांशांनी गार असणे हे स्वाभाविकच आहे. उपग्रह एकदम चार अंश खाली असेल तर त्या तारखेचे ढगांचे चित्र पुन्हा बघा. पुरेशा तारखा जमल्या की दोन गोष्टी वेगळ्या काढा: फरकांची सरासरी आणि फरकांचा पसारा. सरासरी दीड अंश पण पसारा कमी असेल तर उपग्रह नेमाने चुकतो, आणि नेमाने होणारी चूक दुरुस्त करता येते. सरासरी शून्य पण पसारा तीन अंशांचा, ही स्थिती कागदावर देखणी आणि कामाला वाईट.

वेधशाळेशी जुळवणी

दिवसा जमिनीच्या तापमानातून ठरावीक आकडा वजा करून हवेचे तापमान काढण्याचे जे तोडगे फिरतात ते टाकून द्या. भर उन्हात पाणी दिलेल्या उसाचे पान हवेच्या जवळपास असते, कारण ते बाष्प सोडून स्वतःला गार ठेवते. शेजारचा तोड झालेला, पाचट जाळलेला काळा फड त्याच्यापेक्षा आठ-दहा अंशांनी सहज तापलेला असतो. बांध एकच, हवा एकच. कोणता आकडा वजा करणार?

रात्री मात्र जमते. ऊन नसल्याने निरभ्र रात्री पृष्ठभाग आणि हवा यांच्यातला फरक बहुधा एक ते तीन अंशांवर येतो आणि पृष्ठभाग थोडा गार असतो. अ‍ॅक्वा किंवा विअर्सच्या रात्रीच्या नोंदी आणि वेधशाळेची किमान नोंद शेजारी मांडा. किमान तापमान सकाळी साडेआठच्या निरीक्षणात वाचले जाते, म्हणजे ते त्याच रात्रीचे. तारीख एकाने सरकत तर नाही ना, हे तपासा. हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्रांचे किंवा महसूल मंडळांतल्या महावेध केंद्रांचे तासवार आकडे मिळाले तर आणखी चांगले. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री पन्हाळा आणि पंचगंगेचे खोरे यांची तुलना करून बघा. गड उंच असूनही बऱ्याच रात्री खोरेच जास्त गार निघते, कारण थंड जड हवा उतारावरून खाली येऊन साठते. उपग्रहाचे रात्रीचे चित्र हे फार छान दाखवते.

वळवाचे ढग बघताना

एप्रिल-मेच्या दुपारी इन्सॅटच्या अवरक्त चित्रात ढगमाथ्याचे तापमान बघावे. माथा अर्ध्या-एक तासात झपाट्याने गार होत उणे ५०-६० अंशांकडे गेला तर ढग वेगाने उंच वाढतो आहे, आणि गारा, वीज, सोसाट्याचा वारा यांची तयारी ठेवावी. इथे अंश-दोन अंशांची चूक बिनमहत्त्वाची. जागेची चूक मात्र धरायला हवी. इन्सॅट विषुववृत्तावरून आपल्याकडे सुमारे वीस अंश तिरका बघतो, म्हणून १२ किलोमीटर उंचीचा माथा नकाशावर सुमारे चार-साडेचार किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो. चित्रात ढग वडगावावर दिसला तर माथा प्रत्यक्षात शिरोलीच्या बाजूला जास्त असण्याची शक्यता धरा. विरळ माथ्यातून खालची उष्णता डोकावते आणि ढग आहे त्यापेक्षा बुटका वाटतो, हासुद्धा एक चकवा.

दशकांचा कल काढायचा असेल तर

हे वेगळेच काम आहे. १९७८ च्या अखेरीपासून उपग्रह प्राणवायूच्या ५०-६० गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी मोजून हवेच्या थरांचे तापमान देत आहेत. रॉय स्पेन्सर आणि जॉन ख्रिस्ती या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञांची मालिका त्यातली गाजलेली. सुरुवातीला तिच्यात तापमानवाढ फारच कमी दिसत होती. १९९८ मध्ये उपग्रहांच्या कक्षा खाली घसरल्याचा परिणाम लक्षात आणून दिला गेला, २००५ मध्ये निरीक्षणाची वेळ सरकल्याची दुरुस्ती चुकीच्या दिशेने लावल्याचे दाखवले गेले, आणि कल वर गेला. एका दिवसाला नगण्य असलेली चूक दर वर्षी त्याच बाजूला साचत गेली तर कलाचे उत्तरच बदलते. टेराच्या सरकत्या वेळेबद्दल वर जे लिहिले ते याचसाठी. कोल्हापूरचा वीस वर्षांचा कल काढणाऱ्याने २०२० नंतरची टेराची वर्षे आंधळेपणाने जोडू नयेत. आधी ती वगळून आणि मग धरून, असे दोनदा उत्तर काढावे.

आकडा कुठेही लिहिताना सोबत एवढे असू द्या: पृष्ठभागाचे की हवेचे की ढगमाथ्याचे, उपग्रह कोणता, चौकोन केवढा, प्रमाणवेळेत किती वाजताचा, गुणवत्तेची चाळणी कोणती लावली आणि सरासरी असेल तर किती नोंदींची. मोबाइलवर आलेल्या नकाशात यातल्या पहिल्या दोन गोष्टीही नसतील तर तो पुढे पाठवू नका.